गोल चक्री आणि दोन आज्या

लेक-जावई महिनाभर कामासाठी परगावी निघाले होते, आणि आमची पाच वर्षांची ठकी कोणत्या आजीकडे राहणार, हे संध्याकाळपर्यंत ठकीच सांगणार होती. मला ती हवीच होती. लेकीचं लग्न झाल्यापासून माझं घर इतकं आवरलेलं असतं की बघवत नाही. विहीणबाईंनाही ती हवी होती. त्यामुळे बागेत आम्ही दोघीही हजर.

ठकी गोल चक्रीवर चढून बसली. "ढकला!"

विहीणबाई आधी सरसावल्या. गुडघे दुखतात, फार चालायला नको, म्हणून मधल्या खांबाजवळच दांडा धरला. चेहरा लालबुंद झाला, पण गंजकी चक्री जेमतेम इंचभर सरकली.

"व्हा बाजूला," म्हणत मी अगदी कडेला धरून रेटा दिला. चक्री कुरकुरत निघाली.

"काय खाता हो एवढं?"

"तुमचे टोमणे."

त्यांनी डोळे बारीक केले. "ताकदबिकद काही नाही, जागेची करामत आहे. मीही कडेला धरते." आणि उभ्या राहिल्या त्या बरोबर माझ्यासमोर, पलीकडच्या कडेला.

"फाटकाकडे ढकलू," मी म्हणाले.

"फाटकाकडेच."

लग्नाच्या बोलणीपासून आमचं हे पहिलं एकमत. दोघींनी फाटकाच्या दिशेने जीव खाऊन रेटलं. चक्री ढिम्म.

"मोडली?" ठकीने विचारलं.

"तुम्ही सोडा, मग फिरेल," मी म्हणाले.

"तुम्हीच सोडा की."

सोडणार कोण? जी सोडेल तिची ठकी गेली!

"अहो," विहीणबाई धापा टाकत म्हणाल्या, "तुम्ही फिरवताय आणि मी समोरून परतवतेय."

"मग तुम्ही उलट, त्या झाडाकडे ढकला."

"मीच का म्हणून?"

"बरं बाई, मी ढकलते झाडाकडे."

नेमका त्याच क्षणी त्यांनाही समजूतदारपणा सुचला. दोघींनी झाडाकडे रेटलं. चक्री पुन्हा जागच्या जागी.

मला हसू आवरेना, त्यांनाही. "आपापल्या उजव्या हाताला!" मी कशीबशी म्हणाले.

आणि चक्री अशी सुटली की ठकीच्या वेण्या आडव्या झाल्या.

उतरल्यावर ती झोकांड्या खात आमच्या मधोमध येऊन उभी राहिली. "एका आजीने चक्री हळू फिरते. मला दोघी हव्यात. एकाच घरात."

"महिनाभर?" आम्ही एकदम ओरडलो.

ठकीने मान डोलावली.

"तुमचं घर तळमजल्यावर," विहीणबाई गुडघा चोळत म्हणाल्या. "मीच येते."

"घोरता का हो तुम्ही?"

"छे! पण उशी माझी मी आणेन."