खैरनार बाईंचं क्रियापद

सोमवारी तिसऱ्या तासाला खैरनार बाईंनी फळा पुसला, तेव्हा 'टेक' हे इंग्रजी क्रियापद पुसलं गेलं नाही. ते फळ्यावरून खाली उतरलं. चार पांढरी अक्षरं, वीतभर उंचीची. शेवटचं अक्षर जरा लंगडत होतं, कारण बाई वर्षानुवर्षं ते घाईत लिहीत आल्या होत्या. नववी 'ब'च्या मुलींनी वह्या मिटल्या. बाई वर्गाबाहेर पडल्या, तसं ते त्यांच्या मागोमाग व्हरांड्यातून चालू लागलं.

मंदाकिनी खैरनार पारोळ्याच्या मुलींच्या शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवत होत्या. टेक म्हणजे घेणे, असं मुली घोकायच्या. मग बाई सांगायच्या, तेवढ्यावर भागत नाही. वेळ लागतो तेही टेक, फोटो काढतात तेही टेक, बसनं जातात तेही टेक. मुलगी आईवर जाते, तेही टेकच. आणि परीक्षा आपण देतो, इंग्रज ती घेतो. या वाक्याला मुली दरवर्षी हसायच्या, आणि बाई त्यांचं हसू ओसरेपर्यंत थांबायच्या. गेली दोन-तीन वर्षं त्या थांबत नव्हत्या.

स्टाफरूममध्ये क्रियापदानं बाईंची खुर्ची घेतली. बाई खिडकीशी उभ्या राहिल्या. थोड्या वेळानं मुख्याध्यापक भामरे सर डोकावले आणि हे काय आहे म्हणून त्यांनी विचारलं.

"टेक," बाई म्हणाल्या.

सर समोरच्या बाकावर टेकले. मग त्यांच्या लक्षात आलं आणि ते पुन्हा उठले. शुक्रवारी तपासणी होती, त्यामुळे ही वस्तू शाळेत दिसता कामा नये, असं त्यांनी सौम्यपणे सांगितलं. बाईंनी ती घरी न्यावी आणि आठवडाभर रजा घ्यावी. बाईंची रजा उरलेली नव्हती. पण क्रियापद तिथेच बसलेलं होतं, आणि रजा घेतली गेली.

घरी रंगनाथराव खाटेवर होते. गावातला इंग्रजी टायपिंगचा क्लास एके काळी त्यांचा होता. लग्नानंतर बाईंच्या बीएडच्या सगळ्या नोट्स त्यांनी टाइप करून दिल्या होत्या, प्रत्येक पानाला सारखा समास सोडून. आठ वर्षांपूर्वी झटका आला, त्यात उजवी बाजू गेली आणि एक सोडून सगळे शब्द गेले. राहिला तो 'दे'. पाणी हवं असलं तरी दे, उशी सरकवायची असली तरी दे, खिडकी लावायची असली तरी दे. कोणता 'दे' कशाचा, हे बाईंना आवाजाच्या चढउतारावरून कळायचं. बाई शाळेत असताना शेजारच्या विमलकाकू येऊन बसायच्या. त्यांना ते कधीच कळलं नाही.

क्रियापद खाटेजवळ जाऊन उभं राहिलं. रंगनाथरावांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. त्यांच्या डाव्या हाताची बोटं टाइप करावं तशी चादरीवर चार वेळा दाबली गेली.

मंगळवारपासून क्रियापद त्यांची काळजी घेऊ लागलं. त्यांना कुशीवर घ्यायचं, अंग पुसून घ्यायचं, चादर बदलून घ्यायची, हे सगळं ते बिनबोभाट करी. बाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर जरा बसल्या आणि सकाळी दहा वाजता त्यांना झोप लागली. जागं झाल्यावर आपल्या हातांचं काय करावं ते त्यांना कळेना. त्या पुन्हा झोपल्या.

अडलं ते औषधापाशी. क्रियापदानं चमचा भरला आणि औषध स्वतःच घेतलं. दुपारी पेज भरवायला सांगितली, तर पेजही घेतली.

"ते त्यांना द्यायचं असतं," बाई म्हणाल्या.

ते नुसतं उभं राहिलं. देणं त्याच्यात नव्हतंच, आणि हे बाईंपेक्षा जास्त कुणाला माहीत असणार? तेव्हा देणं बाईंकडे राहिलं, आणि बाकी सगळं त्यानं घेतलं. वाटणी वाईट नव्हती. आठ वर्षांत पहिल्यांदा बाईंनी चहा गरम असताना प्यायला. विमलकाकू एकदा दारापर्यंत आल्या, आपली जागा घेतली गेली आहे असं पाहून परत गेल्या, आणि पुन्हा आल्या नाहीत.

बुधवारी क्रियापदानं बाईंची वाइन रंगाची साडी घेतली. गुरुवारी ते बाईंच्या चालीनं चालू लागलं. पाय ओढण्याची सवय त्याला होतीच. शुक्रवारी बाई बेसिनपाशी चूळ भरत होत्या, तेव्हा ते शेजारी येऊन उभं राहिलं आणि आरशात दोन सारखे चेहरे दिसले. मुलगी आईवर जावी तसं ते बाईंवर गेलं होतं. फक्त त्याच्या डोळ्यांखाली काळं नव्हतं. हे आपल्या आधी कुणाच्या तरी लक्षात यायला हवं होतं, असं बाईंना वाटलं. पण घरात तिसरं माणूस एकच होतं, आणि ते आता 'दे' म्हणेनासं झालं होतं.

शनिवारी सकाळची शाळा होती. रजा संपली, म्हणून बाई निघाल्या. व्हरांड्यात पोचल्या तर नववी 'ब'मधून हजेरीचा आवाज येत होता. त्यांनी दारातून पाहिलं. वाइन रंगाच्या साडीतली बाई टेबलापाशी उभी राहून हजेरी घेत होती. एकेक मुलगी उठून 'यस मॅडम' म्हणत होती आणि बसत होती. हजेरी झाल्यावर ती तास घेऊ लागली. अक्षर बाईंचंच होतं, उलट थोडं नीटच.

भामरे सर आले. पालकांनी तासाला वर्गाशी उभं राहायचं नसतं, असं त्यांनी सांगितलं.

"सर, मी मंदाकिनी."

सरांनी एकदा बाईंकडे आणि एकदा आत पाहिलं. त्यांचेही डोळे थकलेले होते. "मनावर घेऊ नका," ते म्हणाले.

बाईंनी मनावर घेऊन पाहिलं. जमेना. तेही घेऊन झालेलं होतं.

रस्त्यात त्यांना घराची आठवण झाली, कारण क्रियापद इथे असेल तर खाटेजवळ कुणीच नसणार. त्या जमेल तितक्या वेगानं चालल्या. पण ते घरीही होतं, रंगनाथरावांच्या उशाशी बसलेलं. एक क्रियापद एकाच वेळी कितीही वाक्यांत असतं, हे त्यांनीच तीस वर्षं शिकवलं होतं.

औषधाची वेळ झाली होती. बाईंनी बाटली हलवली, चमचा भरला आणि त्या खाटेच्या दुसऱ्या बाजूला उभ्या राहिल्या. रंगनाथरावांनी तोंड उघडलं. ते चमच्यापलीकडे पाहत होते.

"घे," ते म्हणाले.

आठ वर्षांत त्यांच्या तोंडून निघालेला हा दुसरा शब्द. बाईंच्या हातातला चमचा हलला नाही. 'दे' असतं तर पाणी की उशी, ते त्यांना झोपेतही कळलं असतं. या शब्दाचा स्वर त्यांच्या ओळखीचा नव्हता.

"अहो, मी इकडे आहे," बाई म्हणाल्या. "काय घेऊ?"

रंगनाथरावांनी मान वळवली नाही. "घे," ते पुन्हा म्हणाले, आणि दमलेल्या माणसानं पिशवी खाली ठेवावी तसा त्यांनी डावा हात चादरीवर उताणा ठेवला.

क्रियापदानं तो हात हातात घेतला. मग ते त्यांच्यावर वाकलं आणि त्यांच्या वतीनं श्वास घेऊ लागलं.

खिडकीचा पडदा आत ओढला गेला. भिंतीवरचं कॅलेंडर खाटेकडे झुकलं. रंगनाथरावांची छाती वर आली, आणखी वर आली. बाईंचा पदर खांद्यावरून सुटून खाटेच्या दिशेनं ताठ झाला, तरी त्या चमचा धरून उभ्या राहिल्या. श्वास आत जातच होता. सोडणं त्याला कुणी शिकवलं नव्हतं.