पिवळ्या पट्टीच्या अलीकडे

कल्पना करा बरं मुलांनो, तुमच्या गावच्या क्लबात एक खोली आहे आणि तिच्या रुंद दारात जमिनीवर पिवळी पट्टी चिकटवलेली आहे. आत जुगाराची नऊ यंत्रं. नाणं टाकायचं, कळ दाबायची, चित्रं गरगर फिरतात, आणि बहुतेक वेळा नाणं गेलं म्हणून समजायचं. अठरा वर्षांखालच्या कुणी पट्टी ओलांडायची नाही. तुम्ही पट्टीला पायाची बोटं टेकवून चिप्स खाता आणि आत डोकावता. वाईतोका गावातली सगळी मुलं अशीच मोठी झाली.

पुढे खेळणारेच कमी झाले आणि क्लबाने यंत्रं बंद करायचं ठरवलं. क्लबाचे चिटणीस टेम. आठ वर्षांची मेरेआना त्यांची नात. ती त्यांना कोरो म्हणते, म्हणजे आजोबा, आणि तिच्यामुळे शाळेतली सगळीच मुलं म्हणतात. टेमना वाटलं होतं, तारा काढल्या की संपलं. पण सरकार परवाना देताना विचारतं त्याहून जास्त तो परत घेताना विचारतं. यंत्रांवरचे शेवटचे आकडे तंत्रज्ञासमोर उतरवायचे. यंत्रं परवानाधारकालाच द्यायची, आठवण म्हणून एकही कुणाच्या गॅरेजात जाता कामा नये. शिल्लक रक्कम लोकोपयोगी कामालाच द्यायची. कागद वर्षानुवर्षं सांभाळायचे. टेमनी एकेका ओळीवर बोट ठेवून सगळं पार पाडलं.

सोमवारी ट्रक येऊन यंत्रं घेऊन गेला. खोली एवढी मोठी आहे, हे गावाला तेव्हा कळलं.

मेरेआना लगेच पट्टीशी हजर. शनिवारी तिच्या शाळेची कापा हाकाची स्पर्धा होती. ओळीत उभं राहून गायचं आणि दोरीला बांधलेले मऊ गोळे, पोई, एका तालात फिरवायचे. शाळेच्या सभागृहाचं छप्पर दुरुस्तीला काढलेलं, बाहेर चिखल. ओळ बसवायला जागाच नव्हती.

“कोरो, आम्ही आत येऊ?”

“नाही गं बाळा. परवाना अजून चालू आहे.”

“पण यंत्रं तर गेली!”

“परवाना खोलीचाही असतो. तो एकतीस तारखेला, गुरुवारी संपतो.”

बार सांभाळणारी ग्लेनिस मागून हसली. “गुरुवारच का, तेही सांग की तिला! तारीख कुणी लिहिली अर्जात?”

टेमचे कान लाल झाले. तीस वर्षं त्यांनी क्लबाचं प्रत्येक काम महिनाअखेरीला मिटवलं होतं. अर्ज भरताना हात आपसूक ‘एकतीस’ लिहून गेला होता.

“मग खोड ना,” मेरेआना म्हणाली. “अठ्ठावीस लिही.”

“मंजूर होऊन आलाय तो. आता तो माझा कागद नाही.”

“अरे, बघायला कोण येणार आहे?” ग्लेनिस म्हणाली. “भिंतीवरचा कोळी?”

“मी आहे ना बघायला.”

“आम्ही हरणार,” मेरेआना म्हणाली, “आणि ते तुझ्या तारखेमुळे.”

तिचं म्हणणं खरं होतं.

गुरुवारपर्यंत अकरा मुलं क्लबाच्या अरुंद बोळात एकामागे एक उभी राहून गायली. पोई भिंतींवर आपटत होत्या. टेम रिकाम्या खोलीत एका स्टुलावर बसून ऐकत. सूर जुळत होते. ओळ जुळते की नाही, हे मात्र कुणालाच कळत नव्हतं.

शुक्रवारी सकाळी शाळेआधी टेम पट्टी खरवडायला पातं घेऊन आले, तर दारात अकराही मुलं बोटं टेकवून उभी.

“आता?” मेरेआनाने विचारलं.

“आता.”

बाकीची मुलं आरडाओरडा करत आत धावली. मेरेआना मात्र खाली बसली. नखाने पट्टीचं एक टोक उचकटून तिने ती सावकाश, अख्खी ओढून काढली. मग खोलीच्या मधोमध आडवी चिकटवली, तळव्याने दाबून घेतली आणि सगळ्यांना हाक मारली, “बोटं पट्टीला टेकवा!”

अकरा मुलं एका रेषेत उभी राहिली.