तांब्याच्या गडूतलं तीर्थ

गुरुवारी संध्याकाळी जे. पी. नगरातल्या त्या कल्याणमंटपात, म्हणजे लग्नाच्या हॉलात, पाय ठेवायला जागा नसे. मूल होत नाही किंवा झालेलं राहत नाही, अशी दीडदोनशे जोडपी नागनाथस्वामींपुढे रांगेनं बसत. स्वामी नवराबायकोच्या तळहातांना हळद फासत आणि वरून तीर्थ शिंपडत. ज्याच्या अंगात नागदोष, त्याची हळद रक्तासारखी लाल होई. आजवर एकाही पुरुषाची झाली नव्हती.

अहल्येची झाली.

"स्वल्प हात वर कर, अक्का. सगळ्यांना दिसू दे," स्वामी कन्नड वळणाच्या मराठीत म्हणाले. "मागच्या जन्मी वारूळ फोडलंस. तो नाग पोटात येऊन बसलाय. जीव धरला की गिळतो. तीन गिळले. खरं का नाही?"

तीन हा आकडा अहल्येच्या सासूबाईंनी, कस्तुराबाईंनी, नाव नोंदवताना बाहेरच्या टेबलावरच सांगितला होता. पण गर्दीला ते कुठं ठाऊक? बायकांनी हात जोडले. कस्तुराबाईंनी डोळ्यांना पदर लावला. अहल्या आपल्या लाल हाताकडे बघत राहिली, आणि शेजारी तिचा नवरा गुरुदत्त पिवळा हात मांडीवर ठेवून बसून राहिला.

एकेचाळीस दिवसांचं व्रत लागलं. एक वेळ अळणी जेवण, भुईवर झोप, दर गुरुवारी हजेरी. दिवसभर शाळेत उभं राहून शिकवणारी अहल्या महिन्याभरात वाळून गेली. त्यातच यशवंतपूरला नणंदेच्या मुलाचं बारसं आलं. बाळाला घ्यायला अहल्येनं हात पुढे केले, तसं नणंदेनं बाळ दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि दोष उतरल्यावर घे म्हणून हळूच सांगितलं. अहल्येनं तेच हात नेऊन पाळण्याची झालर सारखी केली.

गुरुदत्तनं ते पाहिलं. आणि तेव्हा त्याला सगळं माहीत होतं.

तिसरा गर्भ पडल्यावर डॉक्टर मुग्धांनी दोघांच्या रक्तातली गुणसूत्रं तपासायला दिली होती. बारशाच्या चार दिवस आधी रिपोर्ट आणायला तो एकटाच गेला. मुग्धांनी कागदावर पेन्सिलीनं दोन काड्या काढल्या, दोन्हींची टोकं तोडली आणि एकीचं टोक दुसरीला जोडलं. अहल्येचा रिपोर्ट अगदी नॉर्मल होता. गुरुदत्तच्या दोन गुणसूत्रांनी मात्र आपापले तुकडे बदलून घेतले होते. काही हरवलं नव्हतं, म्हणून तो स्वतः ठणठणीत होता. पण शुक्राणू तयार होताना गुणसूत्रांच्या प्रत्येक जोडीतलं एकेकच पुढे जातं. मग कितीतरी शुक्राणूंत एक तुकडा जास्तीचा येतो आणि दुसरा येतच नाही. असा गर्भ बहुतेक वेळा टिकत नाही.

"म्हणजे दोष माझा," तो म्हणाला.

"दोष म्हणू नका. हे जन्मापासूनचं आहे, तुम्ही काही केलेलं नाही. काही शुक्राणू नीटही असतात, त्यामुळे मूल होऊ शकतं. कसं, ते बोलू. पुढच्या वेळी अहल्याताईंना घेऊन या."

तो घेऊन गेला नाही. रिपोर्ट ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवला. रोज संध्याकाळी सांगायचं ठरवी आणि रोज जीभ उचलत नसे. आई काय म्हणेल ही भीती होतीच. पण त्याहून मोठी लाज वेगळी होती. बायकोचा हात लाल झाला, तेव्हा त्याला क्षणभर सुटल्यासारखं वाटलं होतं.

बारशानंतरच्या गुरुवारी तो मंडपात बसला आणि मनाशी सरळ हिशोब मांडू लागला. रिपोर्ट खरा, तर लाल त्याचा हात व्हायला हवा होता. मग अहल्येचा कसा झाला? त्यानं पहिल्यांदाच स्वामींच्या तोंडाऐवजी त्यांच्या हातांकडे पाहिलं. पुरुषांना तीर्थ चांदीच्या गडूतून मिळत होतं, बायकांना तांब्याच्या. तांब्याच्या गडूच्या काठावर पांढरं पूट धरलं होतं, पानवाल्याच्या चुन्याच्या डबीवर धरतं तसं.

तो उठून पुढे गेला आणि आपल्या हळदीच्या हातावर तांब्याच्या गडूतलं तीर्थ मागितलं.

"ते स्त्रीचं तीर्थ, अण्णा. पुरुषाला चालत नाही."

गुरुदत्तनं गडू उचलून स्वतःच्या तळहातावर ओतला. हात लालभडक झाला. त्यानं तो वर धरला. आधी कन्नडात सांगितलं, मग आईकडे वळून मराठीत.

"ही चुन्याची निवळी आहे. चुना लागला की हळद लाल होते, मग हात कुणाचाही असो. आमची तीन मुलं राहिली नाहीत, त्याचं कारण माझ्या रक्तात आहे. डॉक्टरांनी लिहून दिलंय. नऊ दिवस मी ते लपवलं."

स्वामींची माणसं त्याला दंडाला धरून बाहेर घेऊन गेली. काही जोडपी उठून मागोमाग आली. बरीचशी मात्र डोळे मिटून तिथंच बसली.

आईला पुढच्या रिक्षात बसवून दोघं मागून निघाली. अहल्या म्हणाली, "सातवीच्या वर्गाला मी दर वर्षी हेच करून दाखवते. हळदीचा कागद आणि चुन्याचं पाणी."

"मग पहिल्याच दिवशी का नाही बोललीस?"

"हात कशानं लाल झाला ते कळत होतं हो मला. पण तीन वेळा रिकामी होऊन घरी आले मी. स्वामी खोटा असला तरी चूक माझीच असेल, असं वाटायचं." त्याच्याकडे वळून तिनं विचारलं, "नऊ दिवस?"

"हो."

बनशंकरीचं घर येईपर्यंत तिनं तोंड दुसरीकडे वळवून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी कस्तुराबाईंनी मीठ घातलेला सारभात तिच्यापुढे वाढला आणि मान वर न करता म्हणाल्या, "जेव, पोरी." पुढे दोघं मिळून मुग्धांकडे गेली. पुन्हा मूल होऊ द्यायचं की नाही, हे अहल्येनं अजून ठरवलेलं नाही, आणि गुरुदत्त विचारत नाही. स्वामींनी मंडप बदलला असं ऐकिवात आहे.

गर्भ पुन्हापुन्हा टिकत नसेल, तर दोघांचं रक्त तपासावं, एकटीचं नव्हे. कारण कधी सापडतं, कधी सापडतही नाही. सापडलं तरी ते पाप नसतं, शाप नसतो. हे डॉक्टर सांगतात, पण ऐकणाऱ्यानं ते घरी जाऊन सांगावं लागतं. अहल्येनं काहीच केलेलं नव्हतं. एवढं एक वाक्य तिला नऊ दिवस आधी मिळायला हवं होतं.