मास्तरांच्या बाजूचा ब्रेक

चाकावरचा हात माणसाने स्वतःहून, समजून उमजून बाजूला घेणं, हीच मानवाची खरी प्रगती होय. हे वाक्य विजेच्या गाडीच्या माहितीपत्रकात पहिल्याच पानावर होतं. मास्तरांनी ते दोनदा वाचलं आणि विचारलं, "आणि पाय?"

मास्तर म्हणजे एका ड्रायव्हिंग स्कूलचे मालक, तिथले एकमेव शिक्षक आणि सकाळच्या वेळी झाडूवाले. अठ्ठावीस वर्षं ते शिकणाऱ्याच्या शेजारी बसत आले होते. त्यांच्या पायाखाली दुसरा ब्रेक असायचा आणि खरं तर तो ब्रेक म्हणजेच त्यांचा धंदा होता. पाय इतका सरावला होता, की घरी टीव्हीवर कोणी धावत रस्ता ओलांडला तरी मास्तर फरशी दाबायचे.

"अहो, मालिका आहे ती," बायको म्हणायची. "तुम्ही दाबलंत म्हणून काही थांबायची नाही. मी बारा वर्षं वाट बघतेय."

जुनी गाडी वयोमर्यादेच्या बाहेर गेली, तेव्हा जावयाने विजेची घ्यायला लावलं. जावई हिशेबाला पक्का.

"बाबा, वाचलेल्या पेट्रोलमध्ये सात वर्षांत गाडी फुकट पडते."

"आणि सात वर्षांनी?"

"बॅटरी बदलायची."

"ती केवढ्याला?"

"जवळजवळ गाडीएवढ्याला. पण मग पुढची सात वर्षं परत फुकट!"

कंपनीने बजावलं, की दुसरा ब्रेक बसवलात तर वॉरंटी गेली. आणि हवाय कशाला? समोर काही आलं तर गाडी आपली आपण थांबते. परिवहन कार्यालयाच्या नव्या नियमातही 'दुसरा ब्रेक किंवा तत्सम यंत्रणा' असंच लिहिलेलं होतं. सगळं कायदेशीर होतं.

अडचण शिकणाऱ्यांची होती. गाडीत बसण्याआधी प्रत्येक जण एकच विचारायचा, "मास्तर, तुमच्या बाजूला ब्रेक आहे ना?" मास्तर नाही म्हणाले, तेव्हा पहिल्या तीन दिवसांत तिघे उठून समोरच्या स्कूलमध्ये गेले. चौथ्या दिवशी मास्तरांनी जुन्या गाडीचं पेडल काढलं, एका फळीवर जाड स्प्रिंग लावून घट्ट बसवलं आणि फळी आपल्या पायाशी ठेवली.

"आहे," ते सांगू लागले. त्यात खोटं काहीच नव्हतं. ब्रेक होता. फक्त तो फळीला जोडलेला होता.

मग एक गंमत झाली. कुत्रं आडवं आलं, शिकणारा थिजला, मास्तरांनी दाबला, गाडी थांबली. सायकलवाला घुसला, मास्तरांनी दाबला, गाडी थांबली. पहिल्या आठवड्यात गाडी कोण थांबवतंय हे मास्तरांना नीट माहीत होतं. महिनाभराने ते शिकणाऱ्याला म्हणायला लागले, "घाबरू नकोस, मी वेळेवर दाबला." तिसऱ्या महिन्यात त्यांनी स्प्रिंगला तेल दिलं.

रुग्णालयातली एक नर्सबाई शिकायला यायची. पन्नाशीची, लहान मुलांच्या वॉर्डातली. दोन दिवसांच्या बाळाच्या हातात शीर सापडेना, की डॉक्टरसुद्धा तिलाच हाक मारायचे. एका मंगळवारी सकाळी वळणावर समोर लाँड्रीची भिंत आली आणि बाई गोंधळली.

"ब्रेक!" मास्तर ओरडले.

"दाबलाय!" बाई ओरडली.

"मीपण दाबलाय!"

गाडी भिंतीत गेली. इस्त्रीचे चाळीस शर्ट बॉनेटवर पडले. बाईचं उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं.

सुनावणी परिवहन कार्यालयाच्या सभागृहात होती. प्रश्न एवढाच, की मास्तरांचा शिकवण्याचा परवाना राहतो की जातो. परवाना गेला म्हणजे स्कूल गेलं, आणि आयुष्यभर दुसऱ्याच्या शेजारी बसलेल्या अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाला कोण काय काम देणार? पण वर्तमानपत्रात 'विजेच्या गाडीचा अपघात' असं छापून आल्यामुळे अर्धं गाव आपापली मतं घेऊन हजर होतं.

"किलोमीटरला किती पडतं ते बोला आधी!"

"तुमच्या पेट्रोलच्या धुराचं किती पडतं ते तुम्ही बोला!"

"चार्जिंगला पाऊण तास उभा राहतो मी. ती पाऊण तासाची मजुरी धरलीत का हिशेबात?"

"घरी कोण वाट बघतंय तुमची?"

हशा झाला. जावई कागद घेऊन उभा राहिला आणि सात वर्षं समजावू लागला. दीड तास गेला. सुनावणी समितीच्या अध्यक्षांनी चहा सांगितला, तो पेट्रोलवाल्यांच्या बाजूला आधी पोचला, त्यावरून आणखी दहा मिनिटं गेली. बाई प्लॅस्टरमधला हात मांडीवर घेऊन मागच्या रांगेत बसली होती.

शेवटी कंपनीचा इंजिनिअर उठला. "नोंदी सगळ्या आहेत. गाडीने अडथळा ओळखला होता. पण चालकाचा पाय ॲक्सिलरेटरवर पूर्ण दाबलेला होता. अशा वेळी गाडी चालकाच्या इच्छेचा आदर करते."

"बाईची इच्छा थांबायची होती," मास्तर म्हणाले.

"तशी नोंद नाही."

"मग मी दाबला, त्याची?"

"त्याचीही नाही. कशी असणार?" इंजिनिअरने पिशवीतून फळी काढली आणि अध्यक्षांच्या टेबलावर ठेवली. कोणीतरी पुढे होऊन पेडल दाबून पाहिलं. स्प्रिंग छान होती. सभागृहात पहिल्यांदाच दोन्ही पक्ष एकत्र हसले.

"हसताय काय?" बाई मागून म्हणाली. "त्यांनी दाबला होता. मी डोळ्यांनी पाहिलं." हसणं वाढलं.

बायको मास्तरांच्या कानाशी लागली. "गाडीच बिघडली म्हणा. एवढं एकच वाक्य बोला आणि घरी चला."

अध्यक्षांनी चष्मा काढला. माणूस वाईट नव्हता. "मास्तर, सरळ सांगा. हा ब्रेक कशालाही जोडलेला नाही, हे तुम्हाला माहीत होतं?"

मास्तर विचारात पडले. हो म्हणावं तर लोकांना फसवलं. नाही म्हणावं तर शिकवायची लायकी नाही. गाडी बिघडली म्हणावं, तर मागे मोडका हात घेऊन बाई बसली होती. बाळांच्या शिरा आता दुसरीच कोणी नर्स शोधत होती आणि तिला त्या सापडत नव्हत्या, असं त्यांनी ऐकलं होतं.

"पहिला महिनाभर माहीत होतं," मास्तर म्हणाले.

कोणी हसलं नाही. बायकोने पदराने कपाळ पुसलं. अध्यक्षांनी समितीतल्या दोघांकडे पाहिलं, दोघांनी घड्याळाकडे पाहिलं. परवाना कायमचा रद्द करावा, असं ठरलं.

आदेशात परवान्याचा क्रमांक आणि मुदत लिहायची असते, म्हणून कारकुनाने मास्तरांची फाइल उघडली. मुदत तेरा दिवसांपूर्वीच संपली होती. नूतनीकरणाचा अर्ज मास्तरांनी वेळेत केला होता, पण सुनावणीचा निकाल लागेपर्यंत तो बाजूला ठेवलेला होता. रद्द करायला परवानाच नसल्यामुळे आदेश काढला गेला नाही. निकाल लागला नाही, म्हणून अर्जही बाजूलाच राहिला.