वाकड्या दस्त्याची दुनळी

मी एक दुनळी बंदूक बोलतेय. एवढं ऐकूनच तुम्ही जरा मागे सरकलात ना? सरका, मला त्याचं वाईट वाटत नाही. मलाही माणसांपासून चार हात लांबच बरं वाटतं. ज्याने मला हातात घेतलं त्याने आधी माझ्यात खोट शोधली. इतकी वर्षं असं बघून घेतल्यावर मीही तेच शिकले. समोर कोण आहे, त्याच्या मनात काय आहे आणि तो जे बोलतोय ते तसंच आहे का, हे पाहिल्याशिवाय मी कुणाला आपलं म्हणत नाही.

एक सांगून टाकते, म्हणजे तुमच्या मनात किंतू नको. मी आजवर कुणाचा जीव घेतलेला नाही. मी फोडल्या त्या फक्त चकत्या. भाजलेल्या मातीच्या, बशीएवढ्या.

माझ्या नळ्या कुठल्याशा कारखान्यात घडवल्या गेल्या. पण मला बंदूकपण आलं ते एका म्हाताऱ्या बंदूकवाल्याच्या दुकानात. त्याने मला अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता बसवला. दस्ता म्हणजे माझा मागचा लाकडी भाग, जो खांद्याला टेकवतात. तो अगदी सरळ होता. मी खुंटीवर ऐटीत उभी असायचे.

मग एक दिवस एका गिरणीचा पहारेकरी आला. दुकानात दुसरं गिऱ्हाईक होतं, ते जाईपर्यंत तो बाहेर उगीच घुटमळत राहिला. भल्या माणसाला दुकान रिकामं होण्याची वाट कशाला बघावी लागते? आत आल्यावर तो बंदूकवाल्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटला. बंदूकवाला म्हणाला, "दोन्ही डोळे उघडे ठेवा आणि माझ्या नाकाकडे बोट दाखवा." पहारेकऱ्याने बोट रोखलं. मला वाटलं, आता ह्या दोघांची जुंपणार. पण म्हाताऱ्याने एक डोळा मिटून त्या बोटाकडे पाहिलं आणि नुसतं म्हणाला, "हं. आलं लक्षात."

दुसऱ्या दिवसापासून माझे हाल सुरू झाले. दस्त्याच्या मानेला कढत तेलाच्या चिंध्या गुंडाळल्या, मला शिकंज्यात आवळलं आणि दस्ता उजवीकडे वाकवला. तीन आठवडे हेच चाललं होतं. शेवटी म्हाताऱ्याने पट्टी लावून माप सांगितलं, "दोन इंच, एक सूत कमी."

"कुणी विचारलं तर ओल धरून वाकली म्हणायचं," पहारेकरी म्हणाला.

"मी काही बघितलंच नाही," म्हातारा म्हणाला.

म्हणजे वाकडं मला यांनी केलं, आणि वर खोटंही माझ्याच नावावर चिकटवलं. तेव्हापासून मी जी संशयी झाले ती झालेच.

गिरणीत दरवर्षी पहारेकऱ्यांची नेमबाजीची परीक्षा व्हायची. माझा मालक कधी नापास झाला नाही. बाकीचे पहारेकरी माझ्याकडे बघून हसायचे. "नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात," एक जण म्हणायचा, "इथे अंगण खरंच वाकडं आहे, आणि हा झकास नाचतोय." मालकही हसायचा, पण त्याची नजर साहेबाकडे असायची. तो कशाला घाबरतो हे मला तेव्हा कळलं नाही.

नोकरी संपल्यावर तो दर रविवारी मला गावाबाहेरच्या मैदानावर नेऊ लागला. तिथे एक यंत्र मातीच्या चकत्या आकाशात भिरकावतं आणि त्या खाली पडायच्या आत फोडायच्या असतात. सोबत त्याची दोन मुलं यायची. थोरला मुलगा सुतार, धाकटी मुलगी शिवणकाम करणारी. दोघांचे संसार वेगळे होते, दुकानं वेगळी होती.

एका रविवारी मुलाने मला खांद्याला लावलं. पाच चकत्या उडाल्या, पाचही धडधाकट खाली आल्या. बाप हसला. "तुला नाही जमायची ही. ठेव खाली." मुलाने मला खाली ठेवलं आणि परत कधी हात लावला नाही. मग मुलीने घेतलं. तिची तिसरीच चकती आकाशात भुगा झाली. बाप पुन्हा हसला, पण हे हसू निराळं होतं. "हिला माझाच..." एवढं म्हणून तो गप्प बसला. अर्धं वाक्य गिळणाऱ्या माणसावर माझा मुळीच विश्वास नाही.

पुढे तो वारला. जाण्याआधी त्याने मला मुलीच्या नावावर करून ठेवलं होतं. थोरला असून मुलगा बाजूला राहिला. त्यावर तो एक अक्षर बोलला नाही. उलट बहिणीसाठी काडतुसं भरायचं काम त्याने आपणहून अंगावर घेतलं. बापामागे भावाबहिणीची गाठ पडायची ती फक्त रविवारी, मैदानावर. तो काडतुसं घेऊन यायचा, ती नेम धरायची. तेवढा एकच धागा उरला होता, आणि तो तुटला तर पुन्हा बांधणारं मागे कुणी नव्हतं.

मग चकत्या फोडणाऱ्यांच्या संघासाठी निवडीची स्पर्धा जाहीर झाली. तिला संघात जायचंच होतं. भाऊ म्हणाला, "चिमे, ही वाकडी घेऊन जाणार तिथे? लोक हसतील. ओल धरलेलं लाकूड, ऐन वेळी दगा देईल. मी नवा दस्ता करून देतो."

त्याने पंधरा दिवस खपून नवा दस्ता केला, सुतासारखा सरळ. माझा जुना दस्ता, माझं अर्धं अंग, उतरवून बाजूला ठेवला. नवा दस्ता म्हणजे कानामागून आला आणि तिखट झाला. मला तो पहिल्या दिवसापासून परका वाटला. पण बहीण हरखून गेली होती. तिने त्यावर हात फिरवला आणि म्हणाली, "दादा, आता कशी माणसात आल्यासारखी दिसते."

आणि तिथून घोटाळा सुरू झाला.

एका फेरीत पंचवीस चकत्या असतात. भाऊ काडतुसं दोन कापडी पिशव्यांतून आणायचा. पहिलीत तेरा, दुसरीत बारा. पिशव्या तिनेच शिवलेल्या. नवा दस्ता लागल्यापासून असं होऊ लागलं की पहिल्या पिशवीतल्या तेरापैकी अकरा-बारा काडतुसं चकत्या फोडायची आणि दुसरीतली जेमतेम चार-पाच. एकदा झालं, दोनदा झालं, तिसऱ्या रविवारीही तेच. यंत्र चालवणारा यंत्राच्या खड्ड्यातून ओरडायचा, "बाई, डावीकडे जातंय." ती पुटपुटायची, "ह्याला काय कळतंय, ह्याने खटका ओढावा."

तिचा हिशेब सरळ होता. दस्त्यात खोट असती तर पहिल्या तेरातल्या अकरा-बारा कशा फुटल्या? खोट दुसऱ्या पिशवीत आहे. आणि पिशवी भरतो कोण? तिच्या मनात पाल चुकचुकली. खोटं कशाला बोलू, माझ्याही मनात चुकचुकली. न बोलणाऱ्या माणसाचा मला आधीपासूनच धाक. चौथ्या रविवारी तिने दुसऱ्या पिशवीतलं प्रत्येक काडतूस कानाशी नेऊन हलवलं आणि मगच माझ्या नळीत घातलं. भावाने ते पाहिलं आणि मान फिरवून तो आपले बूट झटकत बसला.

निवडीला नऊ दिवस राहिले होते. भर दुपारी तिने दुकानाचं दार लोटून घेतलं. कापड बेतायच्या टेबलावर एका बाजूला मी पडले होते. तिने शेजारच्या सोनाराकडून काटा मागून आणला होता. दुसऱ्या पिशवीतली काडतुसं कात्रीने उभी कापली, आतले शिशाचे छरे काट्यात ओतले. मग पहिल्या पिशवीतली. वजन सारखंच भरलं. तरी तिचं समाधान होईना. ती पाचवं काडतूस कापत होती तेवढ्यात दार उघडून भाऊ आत आला.

"काय करतेस गं?"

"काही नाही."

त्याने टेबलाकडे पाहिलं. "माझे छरे तोलतेस?"

"दादा, दुसऱ्या पिशवीतलेच का चुकतात?"

"म्हणजे मी तुला पाडायला कमी भरतो."

"मी असं म्हटलं का?"

"तू कशाला म्हणशील? काटा म्हणतोय की."

तिने कात्री खाली ठेवली आणि विचारलंच. "बाबांनी बंदूक मला दिली, ते तुझ्या मनातून गेलंय का? खरं सांग."

"नाही गेलं," तो म्हणाला. "सल आहे तो मनात आहे, चिमे. छऱ्यांत नाही." त्याने खिशातून चामड्याचा एक तुकडा काढून टेबलावर ठेवला. "दस्ता गालाला टोचतो म्हणाली होतीस, म्हणून आणला. मापाने कापलाय, तेवढा शिवून घे. आणि येत्या रविवारपासून काडतुसं बाजारातून आण. मी काही येत नाही."

मला त्या क्षणी माझीच लाज वाटली. महिनाभर मी ज्याच्यावर डोळा ठेवला होता, तो तिच्या गालाची काळजी वाहत होता.

हात रिकामे राहू नयेत म्हणून तिने जाड दोरा घेतला, सुई उजेडात धरली, उजवा डोळा घट्ट मिटला आणि दोरा ओवला. दारात पोचलेला भाऊ थांबला.

"उजवा डोळा का मिटलास?"

"मी असाच मिटते. सुईचं नेढं दिसायला नको?"

"बाबाही हाच मिटायचे. बटण लावताना. मी तर डावा मिटतो." तो मागे फिरला, तिच्यासमोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "आम्ही सुतार कामाचा डोळा असाच पारखतो. दोन्ही डोळे उघडे ठेव. माझ्या नाकाकडे बोट दाखव."

हे वाक्य मी आयुष्यात दुसऱ्यांदा ऐकत होते. तिने बोट रोखलं. त्याने एक डोळा मिटून पाहिलं.

"बोट तुझ्या डाव्या डोळ्यासमोर आलंय, चिमे. तू बंदूक उजव्या खांद्याला लावतेस आणि तुझा कामाचा डोळा डावा."

मग सगळं आपसूक उलगडत गेलं. ती दमलेली नसायची तोवर तिचा उजवा डोळा हट्टाने नेम धरायचा. बारा-तेरा चकत्यांनंतर तो थकला की डावा डोळा कारभार हाती घ्यायचा, आणि माझं तोंड डावीकडे वळायचं. खड्ड्यातला माणूस महिनाभर बरोबर ओरडत होता. दोष होता डोळ्याचा आणि आम्ही वड्याचं तेल वांग्यावर काढत होतो. माझा जुना दस्ता वाकवला होता तो एवढ्यासाठीच, की तो उजव्या खांद्याला टेकला तरी नळी डाव्या डोळ्यासमोर यावी. हात एकीकडचा आणि डोळा दुसरीकडचा आहे हे कळलं असतं, तर गिरणीने पहारेकऱ्याला घरी बसवलं असतं. म्हणून त्याने ते सगळ्यांपासून लपवलं आणि ओलीवर ढकललं. मुलाने बापाच्या शब्दावर विश्वास ठेवला, एवढीच त्याची चूक.

"म्हणजे बाबांना ठाऊक होतं," ती म्हणाली. "माझा डोळा त्यांच्यासारखा आहे, म्हणून मला दिली."

भाऊ शिलाई यंत्राच्या स्टुलावर बसला. "मला वाटायचं, मी नालायक वाटलो त्यांना. तुला नाही जमायची म्हणाले. अगं, खरंच जमली नसती मला." तो हसला आणि हसता हसता रडू लागला. ती त्याच्याजवळ गेली. "दादा, चुकलं माझं," म्हणाली. तो मान हलवत राहिला.

"जुना दस्ता कुठाय?" तिने विचारलं.

त्याने डोळे पुसले. "कापला. माझ्या रंध्याला त्याची मूठ केली. बाबांची आठवण रोज हातात राहावी म्हणून."

मला हुंदका देता येत असता तर मी तेव्हा दिला असता. पण रागावू तरी कुणावर?

नऊ दिवसांत लाकूड वाकत नाही. तिने मला डाव्या खांद्याला लावून पाहिलं. डावं बोट चाप चाचपडत राहिलं आणि तोवर चकती जमिनीवर. जन्मभर कात्री उजव्या हाताने चालवलेली, हात ऐकेना. मग तिला कापडावर खुणा करायचा खडू दिसला. नेम धरताना ती जो चष्मा लावते त्याची डावी काच तिने खडूने सगळी पांढरी केली. पण तसं केल्यावर अर्धं आकाशच गेलं, चकती किती लांब आहे ते कळेना. तिने काच पुसली आणि शर्टाच्या बटणाएवढा एकच ठिपका काढला. भाऊ आपलं नाक नेमासाठी पुढे करून समोर उभा. ती बोट रोखायची, तो म्हणायचा, "जरा वर. आता आत घे." शेवटी ठिपका अशा जागी बसला की बोट उजव्या डोळ्यासमोर आलं आणि आकाशही शाबूत राहिलं. तो रविवार आणि मधल्या सगळ्या संध्याकाळी दोघं मैदानावर होते.

निवडीच्या दिवशी तो पिशव्या घेऊन तिच्या मागे उभा होता. पहिली पिशवी संपली. तिने मागे न बघता हात पुढे केला, त्याने दुसऱ्या पिशवीतलं काडतूस तिच्या तळहातावर ठेवलं. ते कानाशी न नेता तिने सरळ माझ्या नळीत सरकवलं.

एकवीस फुटल्या. यादीत तिचं नाव सगळ्यात शेवटी लागलं, तेही राखीव म्हणून. ती यादी दोघांनी तीनदा वाचली.

आता मी भावाच्या दुकानात शिकंज्यात पडले आहे. सरळ दस्ता उतरवलाय. तो अक्रोडाच्या नव्या ओंडक्यातून दुसरा घडवतो आहे, वाकडा. हातातल्या रंध्याची मूठ माझ्या ओळखीची आहे. तो लाकूड तासायला येतो तेव्हा मला माझंच जुनं अंग भेटतं. तुमच्या घरी कुणी वाकडं असेल तर त्याला सरळ करायची घाई करू नका. कोणी कशासाठी वाकवलं होतं, ते आधी विचारा. आणि ज्यांना ठाऊक आहे त्यांनी मरण्यापूर्वी सांगून टाकावं.

काल बहीण माप द्यायला आली होती. तिचीच टेप घेऊन त्याने तिच्या उजव्या गालापासून डाव्या डोळ्यापर्यंतचं अंतर घेतलं.

"दोन इंच, एक सूत कमी," तो म्हणाला. "हवं तर तू एकदा बघून घे."

"कशाला?" ती म्हणाली. "तू घेतलंयस ना माप?"

मी मात्र माझ्या सवयीने टेपकडे पुन्हा एकदा निरखून पाहिलं. दोन इंच, एक सूत कमी. तिच्या बापाचंही तेवढंच होतं.