आधी हातोडी, मग खाऊचा डबा

वागियेमच्या स्वयंपाकघरात एक चकचकीत नळ होता आणि त्यातून आजवर पाण्याचा एक थेंबही आलेला नव्हता. मागच्या निवडणुकीच्या तोंडावर लुराहसाहेबांनी, म्हणजे वातुगुलिंगच्या गावप्रमुखांनी, डोंगरावरच्या पुचुंग वाडीत घरोघरी तोट्या बसवून दिल्या होत्या. तोटी बसवली, तिच्याशेजारी हसत फोटो काढला, मतं घेतली. तोटीपर्यंत पाणी आणणारा पाइप तेवढा राहून गेला! वाडीतल्या बायका आता त्या तोटीवर फडकी अडकवत.

त्या सकाळी वागियेम लेम्पेर बांधत होती. चिकट भाताच्या पोटात कोंबडीचा खिमा, वरून केळीच्या पानाची गुंडाळी. चावडीवर ग्रामसभा होती आणि खाऊच्या डब्यांचं काम नेहमीप्रमाणे तिच्याकडे होतं. चावडीच्या कामांवरच तिचं घर चालायचं. एवढ्यात तिची थोरली बहीण सार्तिनी खालच्या झऱ्यावरून दोन कॅन भरून घेऊन आली आणि कंबर धरून दारातच बसली.

"पानं पुसायला एवढंच आहे बघ. जपून वापर," ती धापा टाकत म्हणाली. "माझ्यानं आता दुसरी खेप होणार नाही."

वागियेम काही बोलायच्या आत ग्रामसचिव दार्सोनो मोटारसायकल फटफटवत आले. खाली न उतरताच म्हणाले, "बाई, लक्षात आहे ना? मंजुरीची हातोडी पडेपर्यंत एकही डबा बाहेर येता कामा नये!"

"आहे की साहेब. दरवेळी तसंच तर करते."

दरवेळी तसंच होत असे. सभेचं बोलावणं सकाळचं, साहेब उगवत दुपारी. मग आधी प्रार्थना, मग राष्ट्रगीत, मग लुराहसाहेबांचं स्वतःवरचं प्रेम तासभर ओसंडणार. लोकांच्या पोटात कावळे ओरडू लागले की सचिव गावाच्या खर्चाचे आकडे घोड्यावर बसल्यासारखे वाचून काढणार. "मंजूर?" "मंजूऽर!" हातोडी पडली की मागच्या खोलीतून डबे बाहेर. मग डबा कुशीत धरून, लुराहसाहेब किती दिलदार म्हणत, गाव घरी जाई. एका लेम्पेरात वर्षभराचा हिशेब गिळून टाकणारं हे गाव!

"तुझ्या हाताला चव आहे, तेच गावाच्या मुळावर आलंय," सचिव गेल्यावर सार्तिनी म्हणाली.

"अगं ताई, मी काय केलं? मी फक्त डबे भरते."

"उंदराच्या पिंजऱ्यात खोबरं लावणारा हेच म्हणतो."

"असं काय बोलतेस! साहेब खाऊ घालतात, एवढं तरी करतात ना लोकांसाठी?"

"साहेब घालतात? त्यांनी घरची कोंबडी कापलीय का? चावडीच्या पैशातून येतो तो खाऊ. चावडीचा पैसा म्हणजे तुझा, माझा. आपलाच घास आपल्याला भरवतात, वर आपल्याचकडून आभार घेतात. आणि आपण कमरेत वाकून ते मानतो. लाज कशी वाटत नाही आपल्याला!"

वागियेमला राग आला. हिला बोलायला काय जातंय? उद्या काम गेलं तर चूल कोण पेटवणार? ती डबे भरत राहिली.

चावडीच्या दारात गावाच्या जमाखर्चाचा भला थोरला फलक लावलेला होता. कायदाच तसा आहे, हिशेब सगळ्यांना दिसला पाहिजे. साहेबांनी कायदा पाळला होता. फलकावर त्यांचा चेहरा बैलगाडीच्या चाकाएवढा होता आणि हिशेब कोपऱ्यात मुंग्यांच्या रांगेएवढा. तो वाचायचा तर साहेबांच्या हनुवटीला नाक लावावं लागे!

दुपार टळत आली तरी भाषण संपेना. नव्या बाटिकच्या सदऱ्यातले लुराहसाहेब घाम पुसत स्वतःचं कौतुक करत होते. मागच्या खोलीत डब्यांजवळ बसलेल्या वागियेमला सगळं ऐकू येत होतं. अखेर सचिवांनी वाचायला घेतलं. रस्त्याची डागडुजी, चावडीची रंगरंगोटी, गावाच्या तोंडाशी भव्य दगडी कमान, कमानीवर दिवे आणि नाव. कोणाचं नाव, ते सांगायची गरज नव्हती. निवडणूक पुन्हा जवळ आली होती.

"आणि पुचुंग वाडीचा पाण्याचा पाइप, पुढच्या वर्षी," सचिवांनी एका दमात उरकलं. "मंजूर?"

"थांबा!" सार्तिनी उभी राहिली. "पाइपाचे पैसे या वर्षी येणार होते. ते कमानीत घातलेत का?"

सभेत चुळबुळ झाली. लुराहसाहेब मात्र गोड हसले. "वा! वहिनींनी प्रश्न छान विचारलाय. पण लोक सकाळपासून उपाशी बसलेत हो. आत वागियेमबाईंचे लेम्पेर वाट बघताहेत. तुमच्या एका प्रश्नासाठी एवढ्या माणसांना ताटकळत ठेवायचं का?"

लोक खदखदून हसले. "खाली बस गं म्हातारे!" कोणीतरी ओरडलं. "भूक लागलीय! पाइप काय पळून चाललाय का?" ओरडणारा पुचुंगचाच होता. त्याच्या घरीही कोरडी तोटी होती, आणि त्याचीही बायको झऱ्यावर खेपा घालत होती!

सार्तिनी उभीच होती, एका हातानं कंबर धरून. हसणाऱ्या माणसांच्या मध्ये ती एकटी. आत वागियेमनं समोरच्या डब्यांकडे पाहिलं. ताईचं तोंड कशानं बंद करताहेत हे? माझ्या लेम्पेरनं! तिनंच आणलेल्या पाण्यानं पुसलेल्या पानांत बांधलेल्या लेम्पेरनं!

वागियेम उठली. डब्यांची चळत छातीशी धरून सभेत आली आणि पहिल्या रांगेपासून वाटत सुटली.

सचिव आडवे आले. "अहो बाई, हे काय? हातोडी कुठं पडलीय अजून!"

"हातोडी तुमची, साहेब. डबे मी भरलेत."

"पुन्हा या दारात काम मिळणार नाही, सांगून ठेवतो!"

"कळलं," वागियेम वाटता वाटताच म्हणाली. "सरका बाजूला, मागच्यांना मिळायचेत."

उपाशी गाव खाऊवर तुटून पडलं. लुराहसाहेबांनी घाईघाईनं हातोडी उचलली. "तर मग मंडळी, मंजूर?"

उत्तर आलं नाही. पुन्हा विचारलं, "मंजूर ना?" शंभर तोंडं चिकट भातानं गच्च भरली होती. साहेबांच्या कारकिर्दीत पहिल्यांदाच गाव "मंजूर" म्हणू शकलं नाही!

त्या शांततेत सार्तिनीचा आवाज अख्ख्या चावडीला ऐकू गेला. "आता खा सावकाश. घरी पळायची घाई नाही. सचिवसाहेब, ते आकडे पुन्हा वाचा, जरा हळू. आणि एक सांगा, हा खाऊ कोणाच्या पैशाचा?"

सचिवांनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी छताकडे पाहिलं.

"फलकावर लिहिलंय ना?" सार्तिनी म्हणाली. "साहेबांच्या हनुवटीखाली."

"गावनिधीतून," सचिव पुटपुटले.

मघाशी ओरडलेल्या माणसानं घास गिळला. हातातल्या डब्याकडे पाहिलं आणि ओशाळून उभा राहिला. "मग आमचा पाइपही गावनिधीतूनच होता ना? तो कुठाय?" त्याच्यामागून एक बाई उठली, मग आणखी कोणी. भरल्या पोटी माणसांना प्रश्न सुचू लागले! खालच्या वाडीनं दवाखान्याचं विचारलं. कमानीतून पाणी येणार आहे का, असंही एकानं विचारलं, आणि या वेळी लोक साहेबांना हसले. संध्याकाळपर्यंत सभा चालली. कमान गेली, पाइप पहिल्या ओळीत आला, मगच हातोडी पडली. ती मारताना साहेबांचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं होतं.

वागियेमचं काम गेलंच. डब्यांचा ठेका सचिवांच्या मेव्हणीला मिळाला. पहिले काही महिने घरात ओढाताण झाली, मग तिनं बाजारात लेम्पेरची टोपली मांडली आणि ती दुपारच्या आत रिकामी होऊ लागली. चावडीवर मात्र एक नवी सवय पडली. आता लोक आधी डबा मागतात, खातात आणि मग आकडे ऐकतात.

वाचकहो, आपल्याला लुबाडणाऱ्याचा तिटकारा यायलाच हवा. पण आपल्याच पैशातला घास तो भिकेसारखा टाकतो आणि आपण तो प्रसाद म्हणून डोक्याला लावतो, त्या आपल्या सवयीचा तिटकारा त्याहून आधी यायला हवा. कारभार उघडा ठेवा असं कायदा सांगतो, पण तो उघडून पाहणारी माणसं कायद्याला आणता येत नाहीत. ती आपणच व्हायचं असतं!

पुढच्या कोरड्या मोसमात वागियेमच्या तोटीनं आधी हवा ओकली, मग तांबडा गाळ, आणि मग स्वच्छ पाणी. सार्तिनीनं तोटीवरचं फडकं काढून त्या पाण्यात भिजवलं आणि उगाचच सगळं स्वयंपाकघर पुसून काढलं. दुसऱ्याच दिवशी लुराहसाहेब नवा सदरा घालून, फोटोवाल्याला घेऊन हजर झाले. तोटीशेजारी उभे राहून हसू लागले.

सार्तिनीनं पेला भरून त्यांच्यापुढे धरला.

"घ्या साहेब, प्या. संकोच करू नका. आमच्याच पैशाचं आहे."