जाते म्हणाली

दारात

"जाते मी," सुलेखा म्हणाली, आणि बॅग उचलून जिना उतरू लागली.

झालं एवढंच. बॅगेची चाकं पायरीपायरीवर आपटत होती. सिडकोतल्या त्या इमारतीत अजून कुणी उठलं नव्हतं. दारात मनकर्णाबाई, तिची आई, एका हातानं चौकट धरून उभी होती. एरवी घरातून माणूस निघालं की ती "ये गं बाई" म्हणायची. आज म्हणाली नाही. सुलेखाला वाटलं, गुडघे दुखत असतील.

पण आपल्याकडं घरातून निघताना कुणी जाते म्हणत नाही. कोपऱ्यावर कोथिंबीर आणायला निघालेली बाईसुद्धा येते म्हणून निघते. जातो असं फक्त मेलेला माणूस म्हणू शकला असता, आणि तो तर बोलत नाही.

त्याच्या आधी

सुलेखा पन्नाशी ओलांडलेली. औरंगपुऱ्यातल्या एका लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासायची. लग्न झालं नव्हतं. का झालं नव्हतं याचं घरात प्रत्येकाकडं वेगळं कारण होतं, आणि ते विचारायला तिच्याकडं कुणी येत नसे.

लॅबमधली तिची नोकरी तर होतीच, पण घरानं तिला दुसरीही एक दिली होती. ती होती सोबतीची. मावशीचा मोतीबिंदू काढायचा, तर सोबत सुलेखा. भावजयीच्या दोन्ही बाळंतपणांना घाटी दवाखान्यात सोबत सुलेखा. भावाची पोरगी राजनंदिनी पुण्याला परीक्षेला गेली, सोबत सुलेखा. एक चुलते वेरूळला अभिषेकाला निघाले, त्यांना वाटेत चक्कर येते, म्हणून सुलेखा. "सुलेखाला ने ना सोबत," असं गावाकडं, पिशोरच्या घरात म्हणत. आभाळ भरून आल्यावर छत्री ने म्हणावं, त्या सुरात.

आणि छत्रीला कधी कुणी विचारत नाही, तुला कुठं…

तर लॅबमध्ये नवं मशीन बसवायचं होतं, म्हणून आठवडाभर सुट्टी मिळाली. राजनंदिनी त्यांच्या सिडकोतल्या, एन-सातमधल्या घरी आली होती. तिनं सहज फोनवर एक जहाज दाखवलं. मुंबईच्या धक्क्यावरून निघतं, दोन रात्री समुद्रात फिरतं, आणि त्याच धक्क्यावर परत येतं. मध्ये गाव नाही, उतरणं नाही.

"काढ," सुलेखा म्हणाली.

"दोघींचं, आत्या?"

"एकीचं."

का म्हणाली, तिचं तिला कळलं नाही. दुधी की दोडका असं भाजीवाल्यानं विचारावं आणि आपण काहीतरी एक बोलून जावं, तसं झालं. राजनंदिनीनं दोनदा विचारलं, मग तिकीट काढलं. एकटीला खोली मात्र दोघांचीच मिळाली. जहाजावर एका माणसाची खोलीच नसते म्हणे.

लांबचं का?

निघणाऱ्या माणसाला कुठं असं विचारू नये. काम फिसकटतं. म्हणून शेजारच्या मुक्ताबाईंनी बॅगेकडं बघून रीतसर विचारलं, "लांबचं का?"

मुंबई, असं सुलेखानं सांगितलं. मुंबईत कुणाकडं? कुणाकडं नाही, जहाज आहे. मग मात्र मुक्ताबाईंना राहवलं नाही. जहाज कुठं जातं, असं त्यांनी विचारूनच टाकलं.

"कुठंच नाय. जातं आणि येतं."

मुक्ताबाईंनी जरा विचार केला. "मग घरीच बसायचं ना," त्या म्हणाल्या. त्यांचा मुद्दा बिनतोड होता. सुलेखा रात्रभर तो उलटसुलट करून बघत राहिली, तिला कुठं फट सापडली नाही.

सोबत कोण?

हे पिशोरहून बन्सीनं विचारलं. बन्सी धाकटा भाऊ, मका आणि अद्रक पिकवणारा, फोनवर शेताच्या या टोकावरून त्या टोकाला बोलल्यासारखं बोलणारा. कुणीच नाही, असं ऐकल्यावर तो इतका वेळ गप्प राहिला की सुलेखानं फोन कानापासून काढून बघितला, कट झाला का म्हणून.

संध्याकाळपर्यंत गावातल्या घरात तीन मतं तयार झाली. पहिलं, हिच्या स्वतःच्याच रक्तात काहीतरी निघालं असणार. दुसऱ्यांचे रिपोर्ट बनवणाऱ्या बाईला आपला लपवणं कितीसं अवघड? दुसरं मत, माणूस असणार कुणीतरी. हे मत भावजयीचं होतं आणि ती ते बरंच खुशीत मांडत होती. तिसरं मत कुणी मोठ्यानं बोललं नाही. एकटी बाई, चहूकडं पाणी, आणि जहाज जायचंय कुठंच नाही.

निघायच्या आदल्या दिवशी बन्सी आला. आईपाशी थांबतो दोन दिवस, म्हणाला. त्यानं काही विचारलं नाही. फक्त जेवताना बहिणीच्या ताटात किती पोळ्या जातात ते बघत राहिला.

बंदर

रिक्षात बसल्या बसल्या राजनंदिनीचा फोन आला. दुपारच्या आत बंदरावर पोचायचं, उशीर झाला तर घेत नाहीत, असं ती बजावत होती. "व्हय गं, बंदरावर, कळलं मला," असं सुलेखा दोनतीनदा म्हणाली.

रिक्षावाला आरशातून बघत होता. फोन ठेवल्यावर म्हणाला, "बंदर देखने कू बंबई कायकू जारे, आपा? दौलताबाद चलो. किल्ले पे ढेर हैं. हात में का भुट्टा बी ले जाते."

सुलेखा हसली. हसता हसताच मध्येच थांबली.

ले जाते. जाते.

मी दारात काय म्हणाले?

दारात, पुन्हा

येते मी, असं म्हणाले असणार. तोंडात बसलेलं वाक्य आहे. तिनं पुटपुटून बघितलं. येते मी. मग दुसरं पुटपुटून बघितलं. जाते मी. दोन्ही सारखीच वाटली. दोन्ही आपलीच वाटली. आईनं ये म्हटलं नव्हतं, एवढं मात्र नक्की आठवत होतं, पण ते गुडघ्यांमुळं

की?

रोज सकाळी लॅबला निघताना आपण काय म्हणतो, ते तिनं आठवून बघितलं. "आई, दार लावून घे." रोज तेच. येते असं आपण शेवटचं कधी म्हणालो, ते काही केल्या आठवेना.

दारात, मनकर्णाबाईच्या तोंडून

हे बन्सीनं फलाटावर सांगितलं. तो मोटारसायकल दामटत आला होता. बनियनवर स्वेटर, आणि एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्यात राजनंदिनी मागे विसरून गेली होती ती.

आई म्हणते, आक्का घरभर फिरली. एकेका खोलीत उभी राहून डोळे भरून बघितलं. मग देवासमोर वाकली. मग गॅसचं बटण बंद केलं, एवढ्या पहाटे, आपण होऊन. आणि मग आईच्या तोंडाकडं न बघता जाते म्हणाली.

यातलं सगळं खरं होतं. ती घरभर चार्जर शोधत फिरली होती. देवासमोर बुटाची नाडी सुटली होती. गॅस तर ती रोजच बंद करते. पण बन्सीच्या तोंडून ऐकताना तिच्याच अंगावर काटा आला. ही बाई कोण, आणि हिला कुणी थांबवलं कसं नाही, असं तिला वाटून गेलं.

"परत म्हण," बन्सी म्हणाला.

"काय म्हणू?"

"येते म्हण. आईला फोन लावतो. तिच्या कानात म्हण अन् मग कुठं जायचं तिथं जा."

कुठं, असं तो म्हणून बसला आणि त्यानं जीभ चावली.

एक शब्द होता. म्हणायला काय लागतं? सुलेखानं तोंड उघडलं. पण आता तो शब्द शपथेवर म्हणायचा झाला होता, आणि शपथेवर म्हणायचं तर ते आधी माहीत हवं. तिला कुठं काय माहीत होतं? गाडीनं शिट्टी दिली. ती डब्यात चढली. तिच्या मागोमाग बन्सीही चढला, दोन वेगळ्या चपला घालून.

मनमाडपर्यंत

शेजारची जागा रिकामी होती. बन्सी तिच्यावर अर्धा टेकला, बिनतिकिटाचा माणूस टेकतो तसा. दौलताबाद मागं पडलं. बराच वेळ तो आपल्या पायांकडं बघत होता. मग खिडकीकडं तोंड करून हळूच म्हणाला, "आक्का, खरं सांग. जीव द्यायला तर नाय ना चालली?"

"नाय रे."

"मग जाते कामून म्हणली?"

बोलता बोलताच तिला ते सापडत गेलं, आणि सापडतंय ते बरोबर आहे की नाही याची खात्री नव्हती, म्हणून ती अडखळत बोलली.

"बन्सी, मावशीला दवाखान्यात न्यायचं, तेव्हा दारात येते कोण म्हणायचं? मावशी. तुझी बायको बाळंतपणाला निघाली, येते ती म्हणली. म्या नाय. म्या पिशव्या उचलायचे. ज्याचं जाणं असतं, तोच म्हणतो ना. माझं जाणं कवा होतं? मला सवयच नाय त्या शब्दाची. काहीतरी म्हणायचं होतं, जे हाताला लागलं ते म्हणले."

"एवढंच?"

"माहीत नाय. एवढंच असंल."

बन्सीला हे पटलं की नाही, कळायला मार्ग नव्हता. त्यानं कान खाजवला. पिशोरला हे कसं सांगायचं, याची तो मनात जुळवाजुळव करत होता, आणि ती जुळत नव्हती. रक्तातला रोग सांगता आला असता. माणूससुद्धा सांगता आला असता, भांडण करून का होईना.

मग त्याचा चेहरा एकदम उजळला. "मी येऊ का सोबत? खोली तर दोघांची हाय म्हणती. म्या समुद्र कुठं बघितला?"

इथं सुलेखा खरी अडकली. हो म्हणणं किती सोपं होतं. सगळं जागच्या जागी बसलं असतं, आईचा घोर मिटला असता, मुक्ताबाईंना उत्तर मिळालं असतं. बन्सीला जहाज लागलं असतं, त्याला बसमध्येही लागतं. तिनं त्याच्या तोंडासमोर पिशवी धरली असती, पाठ चोळली असती, लिंबू हुंगायला दिलं असतं. हे सगळं तिला येतं. तिथं एकटीनं काय करायचं, ते मात्र तिला अजिबात येत नव्हतं.

"नको," ती म्हणाली.

म्हणून झाल्यावर तिनं वळून बघितलं, कोण बोललं म्हणून.

बन्सीनं वाईट वाटून घेतलं. घेणारच. पण तेवढ्यात आईचा फोन आला आणि त्याला उचलावा लागला. मनकर्णाबाईचा आवाज शेजारच्या रांगेपर्यंत येत होता. म्हणली का, असं ती विचारत होती.

बन्सीनं बहिणीकडं बघितलं. बहीण खिडकीबाहेर बघत होती.

"व्हय, म्हणली," तो म्हणाला. "दोनदा म्हणली."

मनमाडला तो उतरला. परतीची गाडी कुठल्या फलाटावर लागते ते विचारत जिन्याकडं गेला. जाताना तोही काही म्हणाला नाही.

पाणी

जहाज म्हणजे आडवी पडलेली सोसायटी निघाली. लिफ्ट, जिने, लॉबी, गरबा, सगळं. खोलीत दोन उशा, दोन टॉवेल, दोन ग्लास. जेवणाच्या दारात उभ्या पोरीनं "किती जण?" विचारलं, तेव्हा सुलेखानं सवयीनं मागं वळून बघितलं. आपण कुणाबरोबर आलोय ते बघायला.

जमीन कधी दिसेनाशी झाली, ते तिला कळलं नाही. ती तेव्हा जेवत होती. वर आली तर चारी बाजूंना एकसारखं पाणी. घर कुठल्या बाजूला, याचा ती अंदाज करत राहिली. सूर्य मावळला ती पश्चिम, म्हणजे पाठीमागं पूर्व. पण जहाज सावकाश वळत होतं, आणि पूर्वही त्याच्याबरोबर सरकत होती.

खोलीकडं परतताना शेजारच्या खोलीचं दार उघडं दिसलं. आत एक म्हातारी पलंगाच्या काठावर बसली होती, दोन्ही हातांनी पलंग धरून. साताऱ्याकडची होती. मुलगा आणि सून वर नाचाला गेलेत, म्हणाली. हे डुलतंय की मलाच डुलल्यासारखं होतंय, असं तिनं विचारलं. मग म्हणाली, "बसता का जरा सोबत?"

सुलेखाचं एक पाऊल आत पडलंसुद्धा. पाण्याची बाटली कुठं आहे, उशी कशी ठेवायची, हे सगळं तिच्या डोळ्यांनी आधीच हेरून ठेवलं होतं.

"नाही," ती म्हणाली. "मी बाहेर चाललेय."

"बरं," म्हातारी म्हणाली आणि तिनं टीव्ही लावला.

बस्स. काही कोसळलं नाही. म्हातारी रडली नाही, तिनं शिव्या दिल्या नाहीत, ती मालिका बघू लागली. सुलेखा बोळात आली आणि चालायला लागली. हे इतकं सोपं असतं? की म्हातारी आता एकटीच घाबरत बसली असेल, आणि टीव्ही नुसताच लावला असेल? दोन वळणं गेल्यावर तिला राहवेना. दहा मिनिटं बसलं तर काय बिघडतं, असं म्हणत ती माघारी फिरली.

म्हातारीचं दार सापडलं नाही. सगळी दारं एकसारखी आणि सगळी बंद. टीव्हीचा आवाज तर प्रत्येक दारामागून येत होता. आपली खोली सापडेल म्हणावं, तर तीही सापडेना. बोळ सरळ जात होता आणि दोन्ही टोकांना सारखाच दिसत होता. पायाखाली गालिचा होता, त्याच्यावर मासे विणलेले. सगळ्या माशांची तोंडं एकाच दिशेला.

काहीतरी अर्थ असेल, असं समजून ती माशांबरोबर चालत राहिली. शेवटी एक लोखंडी दार लागलं. कर्मचाऱ्यांसाठी, असं त्याच्यावर लिहिलं होतं. मासे दाराखालून आत गेले होते.

ती तिथं जरा वेळ उभी राहिली. मग वळली आणि समोरून येणाऱ्या सगळ्या माशांच्या अंगावरून उलटी चालायला लागली.